बंपरवरचे दिवे

"मग यातला कोणता घेऊ, महाराज?"

रणधीरने तिन्ही खोकी उघडून मठातल्या धुनीपुढच्या ओट्यावर मांडली होती. केदारगिरी महाराज सुपात नाचणी घेऊन खडे वेचत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाला लावायचेत?"

"गाडीला. बंपरवर. अंधारात सडा उतरायचा म्हणजे गाडीच्या दिव्यांनी भागत न्हाई."

"सांग एकेकाचं."

रणधीर सरसावून बसला. विचारलं की सांगायला त्याला आवडे.

"हा गोल. लांब मारतो, पण लांबच. चाकापुढचा धोंडा ह्याला दिसायचा न्हाई. ही आडवी पट्टी. उजेड रुंद फाकतो, पार कडेच्या करवंदीपत्तोर. दिवसासारखं दिसतं. स्वस्त बी हाय. पण काच धड चिकटवलेली न्हाई, एका पावसात आत पाणी धरंल. आन हा पिवळा. धुक्यात चांगला, असं दुकानदार म्हणतो. म्हणजे हाच खपत नसणार."

महाराजांनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

"खोक्यावर लिहिलेला वॅट खरा नसतोच," रणधीर पुढे म्हणाला. "शिवाय ह्या खोक्याची चिकटपट्टी दुसऱ्यांदा लावलीय. आन ह्या स्क्रूवर ओरखडा हाय, बघा. कुणाच्या तरी गाडीला लागून परत आलेला माल दिसतोय."

"बरंच दिसतं तुला."

रणधीरला ते बोलणं कौतुकाचं वाटलं. मग लगेच वाटलं, कौतुकाचं नसावं.

खरं सांगायचं तर रणधीर थोरवतला अलीकडे संशयाची बाधा झाली होती. डेअरीवाल्याने चहा पाजला की तो विचार करी, ह्याचं काय काम अडलंय? कुणी दोघं हसताना दिसले की ते आपल्यालाच हसतायत. घरात बायकोने जेवायला लवकर वाढलं, तरी त्याला त्यामागे काहीतरी असल्यासारखं वाटे. मूळचा माणूस असा नव्हता. महाराजांनी त्याला मंत्र दिला तेव्हा तर तो उघड्या अंगणासारखा होता. कुणीही यावं, बसावं.

कारवीच्या सड्यावर, त्या डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, डांबरी रस्ता नाही. उघडा कातळ, मध्येच चिखलाचे पट्टे, घळी, आणि त्यावरून चाकांनीच पाडलेली वाट. वरच्या वाड्यांचा आजारी माणूस, रेशनचं धान्य, मठाचा शिधा, आणि हंगामात हौसेने हाडं खिळखिळी करून घ्यायला येणारी शहरातली मंडळी, सगळं रणधीरच्या जुन्या फोर-बाय-फोर जीपमधून चढे-उतरे. सड्यावर जीप चालवावी ती रणधीरने, असं लोक म्हणत. रणधीर तर लोकांच्या आधी म्हणे.

"ह्यातला सगळ्यात झगझगीत घ्यावा म्हणतो," तो म्हणाला. "पुढं माणूस लागायला नको."

महाराजांचे हात थांबले.

"पुढं माणूस नको?"

"नको."

सड्यावर गाडी उतरवायची एक रीत होती. अवघड जागा आली की एकाने खाली उतरायचं आणि गाडीपुढे चालायचं. सरळ नव्हे, उलटं. तोंड गाडीकडे, पाठ वाटेकडे. तो चाकं बघणार, मागे वळून खडक बघणार आणि हाताने दाखवणार... इकडे घे, तिकडे घे, थांब. स्टिअरिंगच्या चाकावर बसलेल्याने वाट बघायचीच नाही. फक्त हात बघायचा. हात म्हणेल तिकडे गाडी.

रणधीरच्या गाडीपुढे बारा वर्षं एकच हात होता. त्याच्या मामाचा मुलगा सर्जेराव. आई गेल्यावर सर्जा आत्याच्या घरी आला, तो रणधीरच्याच ताटात जेवून मोठा झाला.

"सर्जा कुठंय?" महाराजांनी विचारलं.

"भाईर. गाडीपाशी." रणधीरचा आवाज उतरला. "आज खाली पोचलो की सांगणार हाय त्याला. उद्यापास्नं येऊ नको म्हणून."

"का?"

"त्यानं मला खड्ड्यात घातलं, महाराज."

...

"मुद्दाम," रणधीरच म्हणाला.

आणि तो बोलत सुटला.

मागच्या महिन्यात अंधार पडल्यावर ते घोडघळीचा उतार उतरत होते. सर्जा पुढे. त्याने हात केला, उजवीकडे. रणधीरने घेतली उजवीकडे. उजवं चाक कातळावरून सुटलं. गाडी कलंडली, बंपर खडकावर आपटला आणि एका धोंड्याला अडून गाडी तशीच लटकत राहिली. धोंडा नसता तर गाडी आणि रणधीर, दोघांनाही घळीतून वेचून काढावं लागलं असतं.

"त्याच्या चार दिवस आधी सर्जा खालच्या गावच्या, माझी भाडी पळवायला टपलेल्या जीपवाल्यासंगं टपरीवर बसला व्हता. दोघं हसत व्हते. मी बघितलंय."

"सर्जाला विचारलंस?"

"विचारलं. म्हणतो, मला दिसलं न्हाई!" रणधीर कडवट हसला. "महाराज, त्याच दिवशी सकाळी बंपरवर दोन नवे दिवे बसवले व्हते, त्या दणक्यात फुटले ते. सुई पडली तर गावंल असा उजेड. मला काचंतनं करवंदीचं पान न् पान दिसत व्हतं. आन ह्यो पुढं उभा ऱ्हाऊन म्हणतो, दिसलं न्हाई!"

"त्याचं तोंड कुणीकडं होतं?"

"कुणाचं, सर्जाचं? माझ्याकडं. उलटं चालत व्हता. त्याबिगर हात कसा दावणार?"

"हं," महाराज म्हणाले.

रणधीरला तो हुंकार आवडला नाही. सर्जा आधीच येऊन महाराजांचे कान भरून गेला असेल काय? मठात आल्या आल्या महाराजांनी सर्जालाच आधी गूळपाणी दिलं, तेही रणधीरच्या ध्यानात होतं.

महाराजांनी सूप बाजूला ठेवलं.

"सगळ्यात झगझगीत म्हणालास तो कोणता?"

"ही पट्टी."

"बांध गाडीला."

"आत्ता?"

"दिवेलागण झालीच आहे. मठामागच्या उतारानं ओढ्यापर्यंत जाऊन या. बघू तरी."

रणधीरला हे पटलं. माल घेण्याआधी वाटेवर तपासावा, दुकानात भिंतीवर उजेड पाडून काय कळतं! त्याने टायरच्या जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी दिवा बंपरला करकचून बांधला, वायर बॅटरीला जोडली, बटण खिडकीतून आत घेतलं. सर्जा टॉर्च धरून उभा होता. दोघंही एकमेकांशी बोलले नाहीत. महिनाभर हेच चाललं होतं.

बटण दाबलं. मठाची भिंत, मागचा आंबा, आंब्यावरची घुबडाची ढोली, सगळं लख्ख उघडं पडलं.

"बघा!" रणधीर म्हणाला.

"सर्जा, तू चाकावर बस," महाराज म्हणाले. "रणधीर पुढं चालेल."

सर्जाने एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा रणधीरकडे. मग मान हलवून आत चढला.

रणधीर जागचा हलला नाही. ज्या माणसावर त्याचा काडीचा भरवसा उरला नव्हता, तो चाकावर. आणि आपण उतारावर, गाडीच्या तोंडापुढे... हे महाराजांनीच सुचवावं?

"भीती वाटते?" महाराजांनी विचारलं.

"भीती कशाची?" रणधीर म्हणाला आणि तडक गाडीपुढे जाऊन उभा राहिला. अभिमान हा असा उपयोगी पडतो.

गाडी वळली. उताराला लागली.

रणधीर उलटा चालू लागला. एका अंगाला कातळाची भिंत, दुसऱ्या अंगाला ओढ्याची घळ. हे त्याला पाठ होतं. पण पहिल्या वळणापाशी त्याने चाकाकडे बघायला मान वर केली आणि त्याच्या डोळ्यांत नुसता पांढरा उजेड घुसला. चाक नाही, बंपर नाही, काचेमागे माणूस नाही. मागे वळून बघितलं तर डोळ्यांपुढे हिरवी-तांबडी वर्तुळं नाचत होती. पायाखाली काय आहे ते पायालाच विचारावं लागत होतं.

इंजिनाची घरघर जवळ आली.

हा ब्रेक सोडणार, रणधीरला वाटलं. आत्ता सोडणार. कोण बघतंय? अंधारात पाय घसरला म्हणेल. खालच्या जीपवाल्याबरोबर चहा पिईल.

"कुणीकडं घेऊ?" काचेमागून सर्जाचा आवाज आला.

रणधीरने हात वर केला. पण तो कुणीकडे न्यावा हे त्याला कळेना. त्याने डोळ्यांवर कोपर आडवं धरलं, एक पाऊल मागे टाकलं, अंदाजाने हात उजवीकडे केला. परत खाली घेतला.

"दादा, कुणीकडं?"

"थांब!" रणधीर ओरडला. "थांब, मला दिसत न्हाई!"

शब्द तोंडातून गेले आणि तो तसाच उभा राहिला.

...

खट्.

पट्टीचा दिवा विझला. मागोमाग गाडीचे दिवेही विझले. इंजिन बंद झालं.

काळोखात रणधीरला पुन्हा तोच संशय आला. आता काय करतोय हा?

"दादा, हलू नको," सर्जा हळू म्हणाला. "जागचा हलू नको. डोळं निवू दे आधी. मग खाली बघ."

रणधीर हलला नाही. हळूहळू वर्तुळं विरली. आभाळात अजून थोडा उजेड होता. आधी कातळाची कड दिसली, मग गवत, मग त्याच्या स्वतःच्या चपला. उजव्या चपलेची टाच कडेच्या बाहेर होती. खाली ओढ्याचं पाणी वाजत होतं.

त्याने पाय आत घेतला. दोन पावलं सरकून कातळाच्या भिंतीला पाठ टेकली. सर्जाला ते दिसू नये असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"दिसतंय का आता?"

"दिसतंय."

"मग दाव हात. मला आता वाट दिसत न्हाई, तुझा हात तेवढा दिसतोय."

रणधीरने खिशातला पांढरा रुमाल काढून मनगटाला बांधला. सर्जा तसा बांधायचा. का बांधायचा, हे त्याने बारा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. त्याने हात वर केला.

इंजिन सुरू झालं. दिवे लागले नाहीत.

हात डावीकडे गेला, गाडी डावीकडे आली. हात थांबला, गाडी थांबली. एका जागी चाक कडेपासून वीतभर राहिलं, पण गाडीच्या चालीत कुठे आचका नव्हता. चाकावरच्या माणसाने एकदाही "बघून सांग" असं म्हटलं नाही. हात म्हणेल तिकडे तो जीव घालत होता. असा भरवसा रणधीरने आयुष्यात कुणावर ठेवला नव्हता. स्वतःवर ठेवला होता तोही एवढा नसावा.

ओढ्याशी गाडी सपाटीला लागली. सर्जा उतरला आणि वाकून तोंडावर पाणी मारू लागला.

"सर्ज्या..."

"हं."

"घोडघळीत... मला नीट सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं व्हतं की," सर्जा म्हणाला. "मला दिसलं न्हाई, म्हणून."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. नुसता थकवा होता.

"आन तो खालचा जीपवाला? त्याच्यासंगं हसत व्हतास..."

"त्याच्या मेव्हण्याचं लगीन मोडलं आन परत जुळलं. ते सांगत व्हता. हसण्यासारखंच व्हतं. ऐकायचंय?"

रणधीरला हसू आलं नाही. तो ओढ्याकाठच्या दगडावर बसला आणि तोंड दोन्ही हातांत धरून रडला. सर्जाने जरा वाट बघितली. मग बाटली भरून त्याच्यासमोर धरली.

परत वर येताना गाडी रणधीरने चालवली. सर्जा पुढे होता. दिवे बंद होते.

मठात महाराज पुन्हा सूप घेऊन बसले होते. धुनीच्या उजेडात खडे वेचणं चाललं होतं. सर्जा बाहेर बंपरचा दिवा सोडवत होता. ह्या दोघांनी आधीच ठरवून हे केलं असेल का, अशी एक शंका रणधीरच्या मनात आलीच. जुनी सवय, एका संध्याकाळीत कशी जाईल? तो महाराजांसमोर बसला.

"महाराज, माझ्याकडनं लई मोठं..."

महाराजांनी हात वर केला.

"ते मला कशाला सांगतोस? तो बाहेर आहे."

रणधीर उठला. बाहेर गेला. थोड्या वेळाने बाहेरून सर्जाचं बोलणं ऐकू आलं, त्या मेव्हण्याच्या लग्नाचं असावं. आणि मग दोघांचं हसणं.

रणधीर परत आला तेव्हा त्याच्या हातात ती पट्टी होती. त्याने ती खोक्यात ठेवली. गोल दिवा उचलला, खाली ठेवला. पिवळा उचलला, तोही ठेवला. ह्या खेपेला त्याने एकाही स्क्रूकडे बघितलं नाही.

"दुकानदाराला उद्या दोन परत द्यायचेत," तो म्हणाला. "कोणता ठेवू?"

केदारगिरी महाराजांनी एक खडा उचलला, उजेडात धरून पाहिला, टाकून दिला.

"कोणताही ठेव. बटण तेवढं हाताशी असू दे."