पाण्यात उतरलेलं तेल

ऐन घाटात दवाखान्याची अँब्युलन्स बंद पडली. आतली बाळंतीण कशीबशी वाचली, बाळ गेलं. दुसऱ्या दिवशी ट्रस्टचे अध्यक्ष धैर्यशीलराव तरातरा आवारात आले. बॉनेट उघडून बघतात, तर कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत दुधाच्या चहासारखं गढूळ पाणी आणि वर तेलाचा तवंग.

"पाण्याच्या जागी तेल ओतलंस!" ते ड्रायव्हर लतीफवर गरजले. "तुझ्यामुळे बाळ गेलं. आजपासून घरी बस."

लतीफ मान खाली घालून उभा राहिला. त्या गाडीत बाळंतिणीजवळ बसलेल्या आशालता सिस्टरांना ते बघवेना. त्यांनी इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून दाखवली. तिच्या टोकालाही तेल नव्हतं.

"साहेब, वरून ओतलं असतं तर इंजिनातलं तेल जागेवर असतं. लघवीत रक्त दिसलं, तर ते पेशंटनं ओतलं असं आम्ही म्हणत नाही. आत कुठं फुटलंय ते बघतो."

"मग आधी कुणाला कळलं कसं नाही?"

"कळलं होतं. गाडी तापते, असं लतीफभाई महिनाभर सांगत होते. तापणारी गाडी तशीच घाटात घाल, हा हुकूम तुमचा."

धैर्यशीलरावांनी बॉनेट बंद करायला हात वर केला.

"राहू द्या उघडं," सिस्टर म्हणाल्या. "बाळाचे वडील येतायत."