तीर्थ मुळाशी

अमोघगीर महाराज त्या वर्षी कुरणदऱ्याच्या दत्तमठात मुक्कामाला होते. दत्तजयंतीच्या नैवेद्याला टोमॅटोची पहिली टोपली भागूबाई रासकर यांच्या रानातून जाई. पतीच्या पश्चात हा मान भागूबाईंनी एकटीने सांभाळला होता. टोपली रिकामी राहिली, तर मान दुसऱ्या घरी जाणार, हा मठाचा नियम होता.

गावाची रीत अशी, की सांजआरतीनंतर मठातले तीर्थ दूर्वांच्या जुडीने टोमॅटोच्या पानांवर शिंपडायचे. भागूबाईही शिंपडत. एका सायंकाळी महाराज बांधावर थांबले.

"भागू, देवाला स्नान केव्हा घालतेस?"

"सकाळी, महाराज."

"मग या लेकरांना रोज ओल्या अंगाने का निजवतेस? तीर्थ सूर्योदयी दे, आणि मुळाशी दे. मातीला टेकलेली पाने काढून टाक. झाडे काठीला बांध, बुडाशी उसाचे वाळलेले पाचट अंथर. दोन झाडांमधून वारा जाऊ दे."

दुसऱ्या सकाळपासून भागूबाईंनी आज्ञेप्रमाणे करायला सुरुवात केली.

शेजारच्या रानात मठाचे कारभारी दौलतराव बोराटे यांची झाडे एकमेकांत गुंतून दाट माजली होती. ते मोठ्याने हसले.

"वहिनी, तीर्थ पायाशी ओतता? उद्या प्रसाद चुलीत घालाल!"

"दाजी, महाराजांची आज्ञा आहे."

"महाराजांनी ब्रह्मज्ञान सांगावं. टोमॅटोचं आम्ही बघतो!"

उत्सव तोंडावर आला आणि आभाळ भरले. दिवसभर ऊन दिसेना, धुके हटेना. दौलतरावांच्या पानांवर काळपट डाग पडले, ते पसरले, आणि पाहता पाहता सारे रान उकळते पाणी ओतल्यासारखे करपून गेले. हिरवी फळे तपकिरी होऊन गळाली. गावात घरोघरी तीच गत झाली.

दौलतराव चावडीसमोर गरजले, "तीर्थाचा अपमान एकीनं केला, भोगतोय सारा गाव!" माणसे कुजबुजू लागली.

उत्सवाच्या आदल्या दिवशी, सकाळी भागूबाईंना आपल्याही कडेच्या ओळीत काही पानांवर तेच डाग दिसले. तशाच धावत त्या मठात गेल्या.

"महाराज, मान जातो!"

महाराज उठले. त्यांच्यामागे अर्धा गाव निघाला. दौलतराव डागाळलेले पान तोडायला वाकले, तोच महाराज कडाडले, "थांबा! ओल्या पानाला हात लावू नका. रोग तुमच्या बोटांवरून पुढच्या झाडावर जाईल."

मग ते ओळीच्या टोकाशी डोळे मिटून उभे राहिले. ओठ हलत होते. आणि काय सांगावे! अनेक दिवस न हललेले धुके उत्तरेकडून सरकू लागले. कोरडा वारा आला, झाडांमधून सळसळत गेला. ढग फाटले, लख्ख ऊन पडले! पानांवरचे पाणी डोळ्यांदेखत आटले.

तेव्हा महाराजांनी डागांचे एकेक पान स्वतः खुडले, अंगावरच्या भगव्या छाटीत बांधले आणि मठात नेऊन धुनीत टाकले.

दत्तजयंतीला भागूबाईंच्या डोक्यावर लालबुंद टोमॅटोंची टोपली होती. एकाही फळावर डाग नव्हता! "अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!" म्हणत लोक वाट देत होते.

दौलतराव मागे उभे होते. अखेर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "महाराज, वारा माझ्याही रानावरून गेला. मग माझं का वाचलं नाही?"

महाराज मंद हसले. "दौलतराव, कृपा साऱ्यांवर सारखीच आली. तुमच्या रानात तिला शिरायला जागा नव्हती. आणि ती आली तेव्हा तिथे वाचायला काही उरलेही नव्हते."

दौलतराव महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी त्यांना उठवले, तीर्थाचा तांब्या हाती दिला आणि भागूबाईंच्या रानाकडे बोट दाखवले.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना दौलतरावांनी भागूबाईंच्या रानात पहिल्या झाडाच्या मुळाशी तीर्थ ओतले आणि जमिनीला डोके टेकले. उठले तेव्हा पाचटाची एक ओली काडी कपाळाला चिकटली होती.

"दाजी, कपाळ पुसा," भागूबाई म्हणाल्या.

"राहू द्या, वहिनी," ते म्हणाले, आणि दुसऱ्या झाडाशी वाकले.