पेनाचं टोपण

"मी कुठं कमी पडले, आक्का? एवढंच सांगा."

आक्का शेंगा फोडत होत्या. एक फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला सारलं.

"कमी? छे गं. तू जास्तच पडतेस."

रुबीना नदाफला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. पॅरालीगलच्या वर्गात ती पहिली आलेली. हे काही वकिलाचं काम नव्हे. कोर्टाच्या दारात भांबावून उभ्या असलेल्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकायचं, अर्ज लिहून द्यायचा, पुढची वाट दाखवायची. पण त्यासाठी रुबीनानं कायद्याची पुस्तकं अक्षरशः घोटून प्यायली होती. झोपेतून उठवलं तरी ती पोटकलमासकट कलम सांगते, अशी तिची ख्याती होती. ती ख्याती तिनं स्वतःच बऱ्यापैकी पसरवली होती, हेही खरं.

आणि आक्का म्हणजे इंदुमती शिंगे वकील. तालुक्याच्या कोर्टात उभा जन्म काढून आता काळा कोट खुंटीला टांगलेला. दर गुरुवारी कोर्टामागच्या मठाच्या सोप्यात बसून त्या पोरापोरींना हे काम शिकवत. कोर्टातल्या मदत केंद्राच्या टेबलावर कुणाला बसवायचं, हे केंद्राची समिती त्यांना विचारूनच ठरवी. दोनदा विचारणा झाली, दोन्ही वेळा आक्कांनी रुबीनाचं नाव दिलं नव्हतं.

"या खेपेला नाही झालं तर अब्बा म्हणतात, शिकणं पुरे, आता लग्नाचं बघू." रुबीना पुढं सरकली. "मला ते टेबल पाहिजे, आक्का."

"टेबल..." आक्का म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.

तेवढ्यात पायरीशी एक बाई येऊन उभी राहिली. डोईवरचा पदर घट्ट, पायात धुळीनं माखलेल्या चपला.

"अर्ज हितंच लिवत्यात का?"

"ये बाई, बस." आक्कांनी रुबीनाकडं मान वळवली. "तू घे हिचं."

रुबीनानं पेनाचं टोपण काढलं.

बाईचं नाव शालन बंडगर. नवरा वारलेला. माहेरी आई आजारी म्हणून ती चार दिवस गेली आणि परत आली तर तिच्या खोलीला दिरानं कुलूप लावलेलं.

"दीर म्हनतो, वाटनी मागनार न्हाई आसं आदी लिवून दे. मंग खोली. पर त्येचं आसं हाय ताई, आत..."

"नवरा कधी गेला? घर कुणाच्या नावावर? मुलं?" रुबीनाचं पेन सुटलं होतं. शालन एक शब्द बोलायची, तिकडं चार ओळी व्हायच्या. बघता बघता पान भरलं. खाली नेहमीची ओळ आली: वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. रुबीनानं शाईचा पॅड पुढं सरकवला. शालननं मुकाट्यानं अंगठा पुढं केला.

"वाचून दाखवलंस?" आक्कांनी विचारलं.

"दाखवते ना..."

रुबीनानं वाचलं. अगदी ठसक्यात वाचलं. अर्जदार ही मयताची कायदेशीर वारस असून, गैरअर्जदाराने मिळकतीत बेकायदेशीर अडथळा निर्माण केला असून, सबब सरसनिरस वाटप होऊन अर्जदारास तिच्या हिश्शाचा ताबा मिळावा. एकाही शब्दाला नाव ठेवायला जागा नव्हती.

शालननं हात जोडून सगळं ऐकलं. देवळात पोथी ऐकावी तसं.

"लई झ्याक हाय," ती म्हणाली. "झालं न्हवं ह्ये? मंग आता माजं घ्या की लिवून."



रुबीनाचे कान तापले. तिनं आक्कांकडं पाहिलं. आता आक्का हसणार, असं तिला वाटलं. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी हात लांब केला, रुबीनाच्या बोटांतून पेन काढून घेतलं आणि खाली पडलेलं टोपण तेवढं तिच्या तळहातावर ठेवलं.

"घे. आता विचार."

टोपण हातात धरून काय विचारायचं? रुबीनाला एकही प्रश्न सुचेना. पेन असताना प्रश्नांची नुसती रांग लागायची. आता समोर एक बाई बसली होती, आणि तिच्याशी काय बोलावं हेच कळत नव्हतं.

शालनच्या हातांना रिकामं बसायची सवय नसावी. तिनं ढिगातल्या मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. मग रुबीनानंही ओढल्या. दोघी फोडत राहिल्या...

"आत काय आहे, शालनताई? मघाशी तुम्ही सांगत होता."

"मशीन हाय," शालन म्हणाली. "शिवनाची."

आणि मग ती बोलत गेली. मशीनशेजारी गाठोडं आहे. गावातल्या बायकांची कापडं आहेत त्यात. बेतून ठेवलेली. चोपड्यांच्या पोरीचं हळदीचं पोलकं आहे आणि हळद आलीय तोंडावर. पोरीची आई रोज दारात येते, काही बोलत नाही, नुसती बघून जाते.

"माजं ऱ्हाऊद्या हो. पर लोकांचं कापाड आडकलंय. माज्या हातावर इस्वास ठिवून दिल्यालं."

"आणि वाटणी?"

"आत्ता नगं बया! दिराला त्येच भ्या हाय. मी वाटनी मागितली की त्यो त्या कुलपावर दुसरं कुलूप घालंल. आन् सासू हाय की. ती माज्याच ताटात जेवती. ती कुनाकडं जायाची?"

रुबीनाच्या हातातली शेंग तशीच राहिली. आपण लिहिलेल्या त्या देखण्या अर्जानं काय झालं असतं, ते तिला लख्ख दिसलं. हळद होऊन गेली असती, आणि दार तसंच बंद.

"दीर कुणाचं ऐकतो?"

"आईचं. पर सासूला ह्या कापडांचं ठावंच न्हाई. मी बोललेच न्हाई कुनाला."

उन्हं सोप्याच्या खांबापर्यंत आली होती.

"आक्का," रुबीना हळूच म्हणाली, "मी एक अक्षरही लिहिलं नाही."

"मग वाचून दाखव."

रुबीना क्षणभर गोंधळली. मग ती शालनकडं वळली आणि सांगू लागली. मशीन, गाठोडं, हळदीचं पोलकं, दारात येऊन नुसती बघून जाणारी आई, एका ताटात जेवणारी सासू. शालनचेच शब्द, शालनच्याच क्रमानं. शेवटी एवढंच तिनं आपल्या पदरचं घातलं, "आणि ताई, वाटा तुमचा आहेच. तो कुठं पळत नाही. मागायचा का आणि कधी, ते तुम्ही ठरवायचं. दिराला मात्र काही लिहून देऊ नका."

शालनचे डोळे भरले होते. तिनं आपण होऊन पॅड ओढला, अंगठा शाईत दाबला आणि मग गोंधळून इकडंतिकडं बघू लागली.

"कुटं उटवू?"

तेव्हा मात्र आक्का खळखळून हसल्या. शालनही हसली, आणि रडतारडता रुबीनाही.

त्याच दुपारच्या एसटीनं रुबीना शालनबरोबर गावी गेली. दीर उंबऱ्यातच आडवा आला. "नोटीस आनलीया का?"

"नाही." रुबीनानं मूठ उघडून दाखवली. मुठीत टोपण होतं. तिचं तिलाच हसू आलं. "लोकांची कापडं न्यायला आलोय."

दोघी सासूजवळ बसल्या. शालननं सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि लेकाच्या करदोट्याला बांधलेली किल्ली तिनं असा हिसका देऊन ओढली, की त्या बापड्याला कमरेवरचं धोतर सावरायची पाळी आली. संध्याकाळी त्या खोलीत मशीन चालू होती. दीर अंगणात पाठ करून बसला होता, पण दार उघडं होतं.

पुढच्या गुरुवारी रुबीना मठात आली तेव्हा आक्का समितीला द्यायचं पत्र लिहीत होत्या. रुबीनाच्याच पेनानं. तिनं वाकून पाहिलं. आपलं नाव ओळखायला तिला जरा वेळ लागला, कारण डोळ्यांपुढं सगळं पाण्यानं हलत होतं.

आक्कांनी सही केली आणि पेन तिच्या हातात दिलं.

रुबीनानं कनवटीचं टोपण काढलं, आणि ते पेनावर बसवून पेन पिशवीत टाकणार, तोच आक्कांनी तिचं मनगट धरलं.

"पोरी, एखाद्या दिवशी पेन घरी विसरलीस तरी चालेल... टोपण विसरू नको."