सगुणा मापारणीच्या पाच हजार चाळीस पायल्या

लई मागची गोष्ट आहे बाबांनो. माणकेवाडीत तेव्हा दहा आळ्या होत्या आणि साऱ्या गावाचं मिळून एकच पेव, म्हणजे जमिनीतलं कोठार. दुष्काळासाठी राखलेलं. त्यात ज्वारी मापून भरायचं काम सगुणा मापारणीचं. बाई तोंडाची फटकळ, पण मापाला पक्की. तिच्या पायलीत देवसुद्धा खोट काढत नसे, असं म्हणतात.

पेवात पाच हजार चाळीसच पायल्या भरायच्या, हा तिचा हट्ट. लोक हसायचे. ती म्हणायची, दुष्काळात किती आळ्या तग धरतील कुणी सांगावं? दहा उरोत, सात उरोत, नाहीतर एकच उरो, या आकड्याचे सारखे वाटे पडतात. शिल्लक नाही, म्हणून भांडण नाही. खळ्यावर ती पायली-पायलीचे ढीग मांडायची. एकाहत्तर ओळी, ओळीत एकाहत्तर ढीग, अगदी चौरस. त्यातला कोपऱ्यातला एक देवाचा, बाकी सारे पेवात.

मग तो दुष्काळ आला. विहिरी आटल्या, तीन आळ्या गाव सोडून जगायला गेल्या. पेव उघडलं. सगुणा सात वाटे घालत गेली, तर शेवटच्या फेरीला सहा जणांना पायली मिळाली, सातव्याला नाही. गेलेल्यांसाठी एक वाटा ठेवू म्हणून आठ केले, तर सात उरल्या. नऊ केले, आठ उरल्या. कसंही वाटा, एकीची खोट. उपाशी गावाला पायली म्हणजे डोंगर. लोक पेवाच्या राखणदारावर, हैबतीवर उठले. यानंच खाल्ली म्हणाले. पंचांनी ठरवलं, त्याला बायकापोरांसकट वेशीबाहेर काढायचं. त्या उन्हाळ्यात ते मरणच होतं हो.

दर वेळी एकच कमी, हे सगुणाच्या मनात घोळत होतं. आणि एकदम तिला उमगलं. मापताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि माणकेवाडीत लाभाची पायली देवाची. खळ्यावर देवाचा ढीग तिनं काढलाच होता. पण पेवात ओतताना जिभेच्या सवयीनं पुन्हा लाभ म्हटलं आणि पहिली पायली देवाकडे गेली. हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसली असती तर नाव शाबूत राहिलं असतं.

ती उठून उभी राहिली.

"हैबतीला हात लावू नका. लाभ मी दोनदा म्हटला. पायली माझ्या जिभेनं खाल्ली."

मापणाऱ्यानं गावच्या धान्यात वाटा घ्यायचा नाही, अशी तिथली रीत. तिच्या मडक्यात तिची स्वतःची एकच पायली होती, साऱ्या उन्हाळ्याची. ती तिनं आणून ओतली. ओतताना सारं खळं सोन्यासारखं उजळलं, असं म्हणतात. सातही वाटे सारखे पडले. आळ्या-आळ्यांनी आपापल्या वाट्यातल्या ओंजळी तिच्यापुढे धरल्या. तिनं घेतल्या नाहीत.

"माझ्यासाठी आकडा मोडू नका," एवढंच म्हणाली.

त्या वर्षी गावात एकही चूल विझली नाही. सगुणा मात्र पावसाआधीच गेली, तिथंच खळ्यावर.

अजूनही माणकेवाडीत मापणी संपली की एक पायली न मोजता भरतात, 'सगुणा' म्हणतात आणि मापणाऱ्याच्या पदरात ओततात. ओतायचा मान हैबतीच्या घराचा. घेणाऱ्यानं नको म्हणायचं नाही.