अण्णासाहेबांचा गव्हाचा डबा

लग्नानंतर मृदुला पहिल्यांदाच गिरणीवर ज्वारी दळायला आली होती. भाकऱ्यांना उशीर झाला, तर नवी सून गप्पा मारत बसली, असंच घरी ठरणार होतं. तिचा नंबर आला आणि माजी सभापती अण्णासाहेबांनी आपला गव्हाचा डबा पुढे सरकवला.

"घरी पाहुणे आहेत, पुरणपोळ्या करायच्यात. मी थांबत नसतो!"

गिरणीवाल्या हणमंताने तो डबा घ्यायला हात पुढे केला. मृदुला खालच्या आवाजात म्हणाली, "खरंच मामा, तुमचंच आधी होऊ द्या. आत्ताच नाचणी दळलीय. गिरणीत राहिलेली तुमच्या गव्हाबरोबर निघून जाईल, आणि माझी ज्वारी पांढरीशुभ्र येईल."

अण्णासाहेबांच्या डोळ्यांपुढे काळपट पुरणपोळी आली. त्यांनी डबा हळूच मागे घेतला.

"तुझं होऊ दे, सूनबाई. मला कुठं घाई आहे?"