सरड्याचे ऊन, बेडकाची सावली

बालमित्रांनो, ओढ्याकाठच्या एका रानात एक सशीण राहत होती. तिच्या पिल्लाला खोकल्याने बेजार केले होते, म्हणून तिने बिळापुढच्या अंगणात तुळस आणि पुदिना लावला. अंगणात दिवसभर कडक ऊन पडे. तुळस तरारली, पण पुदिन्याची पाने करपली. ते पाहून शेजारच्या बेडकाने तिला सगळी रोपे करंजाखाली न्यायला सांगितले. सशिणीने ऐकले. तिथे पुदिना सावरला, तुळस मात्र काडीसारखी उंच वाढली. तिची पाने फिकटली, वासही उरला नाही.

आता खडकावरचा सरडा बेडकाला हसू लागला. सावलीत कुणाचे भले होत नाही, असे त्याचे म्हणणे. उन्हाने जीव जातो, असे बेडकाचे. दोघे हट्टाला पेटले. शेवटी त्यांनी एकमेकांच्या जागी बसून पाहायचे ठरवले. बेडूक सकाळीच खडकावर जाऊन बसला आणि सरडा करंजाखालच्या ओल्या पाचोळ्यात शिरला.

दुपारी सशीण पाला घेऊन परतली, तर बेडकाची कातडी सुकून गेली होती. त्याला उडीही मारवेना. तिने त्याला उचलून धावतच ओढ्यात सोडले. सरडा तर गारठून पाय हलवायचे विसरला होता. त्याला तिने उन्हात आणून ठेवले. थोड्याच वेळात एक डुंबू लागला, दुसरा शेपटी हलवू लागला.

सशीण दोघांकडे बघत राहिली आणि एकदम हसली. "तुम्ही दोघेही खरे बोलत होता," ती म्हणाली, "पण आपापल्यापुरते."

तिने तुळस मातीच्या गोळ्यासकट उचलून पुन्हा अंगणात लावली. पुदिना करंजाच्या कडेला, सकाळचे कोवळे ऊन येते तिथे हलवला. तुळशीचा रंग परतला, पुदिना जमिनीवर पसरला. पिल्लाला रोज तुळशीचा रस मिळाला, तसा खोकला पळाला आणि ते अंगणभर उड्या मारू लागले. त्या आनंदात सशिणीने पुदिन्याची चटणी वाटून सगळ्या रानाला जेवायला बोलावले. चटणी इतकी झणझणीत झाली होती की, पहिल्याच घासाला माकडाच्या डोळ्यांत पाणी आले, तरी त्याने दुसऱ्यांदा पान पुढे केले.

तात्पर्य : माया सर्वांवर सारखी करावी, पण देताना ज्याला जे आणि जेवढे मानवते, तेच आणि तेवढेच द्यावे.