वीतभर कमी

“एवढं सगळं कळतंय, तर जातोस कशाला?” बुवांनी विचारलं.

उदय नांदवडेकर हसला. चंदगडला स्वतःचा काजूचा कारखाना, शिवाय इंजिनियर माणूस. गोव्याला निघाला की तिलारी घाटाआधीच्या मठात गाडी थांबवायची आणि अंगारा लावून पुढं जायचं, हा त्याचा नेम. आज मात्र तो म्हाताऱ्या गंगाधरबुवांना कॅसिनो शिकवत बसला होता. आत घड्याळ नसतं. खिडकी नसते. नोटा घेऊन प्लास्टिकच्या चकत्या देतात, म्हणजे गेल्याचं दुःख होत नाही. खाणंपिणं फुकट. आणि खेळ असा बसवलेला, की शेवटी फायदा मालकाचाच.

“बाकीचे येडे असतात, बुवा. मी अभ्यास करून खेळतो.”

“मग मागल्या खेपेला काय झालं?”

“थोडक्यात गेलं बघा. मशीनवर तीन सत्ते लागायला पाहिजेत. दोन लागले. तिसरा एवढासा वर थांबला.”

त्यानं चिमटीत अंतर दाखवलं. दाखवताना गडी असा खुशीत, जसा काही जिंकूनच आला होता.

“आणि आज?”

“कारखाना विकायला काढलाय. विसाराचे पैसे गाडीत आहेत.”

उदयच्या आईनं घरच्या ओट्यावर बी फोडत तो कारखाना उभा केला होता, हे बुवांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं.

“...जरा विहिरीतनं कळशीभर पाणी काढून आण.”

उदय गेला. कप्पीवरून कळशी सोडली, पण दोर पाण्याला पुरेना. तो कठड्यावर चढला. टाचा उंचावून दोराचं टोक पार कप्पीपर्यंत नेलं. कळशी पाण्याच्या वर लोंबकळत राहिली. बूट घसरला, आत पडता पडता वाचला. पुन्हा चढला. पुन्हा घसरला.

बऱ्याच वेळानं तो परत आला तेव्हा तळहात सोलून निघाले होते. बुवा तांब्यातून निवांत पाणी पीत होते. उदयचं तिकडं लक्षही गेलं नाही.

“पाणी?”

“थोडक्यात राहिलं, बुवा. वीतभर कमी पडला दोर.”

“मग सोडून का नाही दिलंस?”

“सोडून?” उदयला खरंच नवल वाटलं. “अहो, टेकतच आली होती कळशी! दहा हात कमी असता तर गोष्ट वेगळी. दुसरा दोर आहे का? आता काढतोच.”

“...आहेत की. त्या कोठडीत ढीगभर आहेत.”

उदय बाह्या सरसावत कोठडीकडं निघाला.

“कुठलाही घे,” बुवा म्हणाले. “पाणी मोजून सगळे मीच वीतभर कमी कापलेत.”